जनुकांचे मौन

मूल जन्मले की आपल्याकडे पाचवी पुजतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर तेवत ठेवायचा, आणि घरातली सगळी निजली की सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे पुढचे आयुष्य लिहून जाते, असे आमची आजी सांगायची. पुढे एखाद्याच्या वाट्याला तेच ते दुःख पुन्हा पुन्हा येऊ लागले, की आपण सहज बोलून जातो, ‘ते त्याच्या पाचवीलाच पुजलेले आहे.’

माझ्या आजोळी हे वाक्य पोटाच्या विकाराबद्दल बोलले जाई. आजोबा जठराच्या कर्करोगाने गेले. पुढे थोरले मामाही त्याच रोगाने गेले. तेव्हापासून त्या घरात कोणाला आंबट ढेकर आली, दोन घास कमी गेले, तरी बायामाणसांचे चेहरे उतरत. एका दिवाळीत मामेभावाने मला सरळच विचारले, “दादा, तू एवढा कॉलेजात शिकवतोस. हे आमच्या रक्तातच लिहिलेले आहे का, तेवढे सांग.”

मी इतिहासाचा अध्यापक, वैद्य नव्हे. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे या रोगाच्या ज्ञानाचा इतिहास धुंडाळू लागलो. त्यातून जे हाती आले ते आज तुमच्यापुढे मांडतो. कारण हा प्रश्न केवळ आमच्या आजोळचा नाही, पुष्कळ घरांत तो दबक्या आवाजात विचारला जातो.

हाच प्रश्न एका फार मोठ्या माणसालाही छळत होता. आपल्याकडे पेशवाई बुडून तीन वर्षे झाली होती, तेव्हा तिकडे सेंट हेलेना बेटावर नेपोलियन बंदिवासात अखेरच्या घटका मोजत होता. त्याचे वडील १७८५ साली जठराच्याच विकाराने गेले होते. आपल्यालाही तेच झाले आहे अशी त्याची खात्री पटली होती. म्हणून त्याने आपल्या वैद्याला बजावले, की मी मेल्यावर माझे जठर नीट तपासा आणि काय आढळते ते माझ्या मुलाला कळवा, म्हणजे तो तरी सावध राहील. ५ मे १८२१ रोजी तो वारला. शवविच्छेदनात जठराला मोठा व्रण आणि गाठ आढळली. सारे जग म्हणाले, बापाचा रोग मुलाला आला.

पण ही कथा तिथेच संपत नाही. २००७ साली काही विकृतिशास्त्रज्ञांनी त्या जुन्या शवविच्छेदनाची वर्णने आजच्या रोग्यांच्या चित्रांशी ताडून पाहिली. रोग कर्करोगच होता, असे त्यांचे मत पडले. मात्र तो घराण्यातून आला असण्यापेक्षा जठरात वर्षानुवर्षे राहिलेल्या एका जीवाणूमुळे जडला असावा, असे त्यांनी म्हटले. म्हणजे ज्याला नेपोलियन वारसा समजत होता, ती बहुधा त्याच्या स्वतःच्या जठरात घडलेली हकीकत होती. वारसा आणि हकीकत, यांतला फरक हाच आपला आजचा विषय.

प्रथम वारसा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक धागा असतो. त्यावर सुमारे वीस हजार जनुके आहेत. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवावे याचा लेखी हुकूम म्हणा ना. हा लेख आईबापांकडून येतो. गंमत अशी, की डोळ्याच्या पेशीत जो लेख असतो तोच जठराच्या पेशीतही असतो. मग डोळा पाहतो आणि जठर अन्न पचवते, हे कसे?

पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्यांनी काम केले आहे त्यांना हे समजायला जड जाणार नाही. तिथे मोडी कागदांची हजारो गाठोडी आहेत. त्यांना रुमाल म्हणतात. कागद सगळे दफ्तरात आहेतच, पण ज्या रुमालाची गाठ सुटते तोच वाचला जातो. बाकीचे जागच्या जागी मुके राहतात. पेशीतही असेच आहे. डोळ्याच्या पेशीत डोळ्याचे रुमाल सुटलेले असतात, जठराच्या पेशीत जठराचे. लेख सर्वत्र एकच. वाचन मात्र निरनिराळे.

या विषयाला नाव देणारा गृहस्थ कॉनरॅड वॉडिंग्टन. जन्म इंग्लंडातला, पण त्याच्या बालपणाची पहिली वर्षे आपल्या देशात, दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यात गेली. १९४२ साली, जनुक कशाचे बनलेले असते हेही जगाला नीटसे ठाऊक नव्हते तेव्हा, त्याने एका लेखात प्रश्न मांडला, की जनुके एकीकडे आणि घडलेले शरीर दुसरीकडे, यांच्या मध्ये जे काही घडते त्याचा अभ्यास कोण करणार? त्या अभ्यासाला त्याने ‘एपिजेनेटिक्स’ म्हटले. ‘एपि’ म्हणजे ‘वर’. जनुकांच्या लेखावर, लेख न बदलता, जी व्यवस्था बसवलेली असते तिचे हे शास्त्र, असा अर्थ आता रूढ झाला आहे.

ही व्यवस्था चालते कशी? तिची दोन अंगे मुख्य आहेत. एक म्हणजे धागा गुंडाळण्याची तऱ्हा. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी सैल असली तर जनुक वाचता येते, घट्ट असली तर येत नाही. या रिळांवर बसणाऱ्या रासायनिक खुणांचा संबंध जनुकांच्या वाचनाशी असावा, हे १९६४ साली पुढे आले. दुसरे अंग म्हणजे खुद्द धाग्यावर बसणारी मोहोर. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसीन नावाच्या अक्षराला ‘मिथिल’ हा इवलासा रासायनिक गट चिकटतो. न्यूयॉर्कच्या रॉलिन हॉचकिस याला १९४८ साली वासराच्या डीएनएमध्ये असे खूण केलेले अक्षर आढळले. तेव्हा ते एक किरकोळ नवल वाटले. पुढे १९७५ साली इंग्लंडात हॉलिडे व प्यू यांनी, आणि अमेरिकेत रिग्ज याने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे एक मोठी कल्पना मांडली : ही खूण जनुक बंद करणारी मोहोर असावी, आणि पेशीचे दोन भाग होताना तिचीही नक्कल पुढच्या पेशीत उतरत असावी.

वाचकहो, या कल्पनेचे महत्त्व लक्षात घ्या. याचा अर्थ असा, की पेशीला आठवण असते. तिच्यावर एकदा बसलेली मोहोर तिच्या लेकी-नातींपर्यंत पोचते. आणि ही आठवण जन्माच्या वेळी मिळालेल्या लेखाचा भाग नसते. ती नंतर बसलेली असते. १९८० साली कॅलिफोर्नियात जोन्स आणि टेलर यांनी एका औषधाने ही मोहोर बसू दिली नाही, तो काय, उंदराच्या साध्या पेशींतून चक्क स्नायूच्या पेशी तयार झाल्या! लेखातले एक अक्षरही त्यांनी बदलले नव्हते.

आता कर्करोगाकडे वळू. कर्करोग म्हणजे पेशींची बेबंदशाही. निरोगी पेशीत अशी कित्येक जनुके असतात, की ज्यांचे काम लगाम धरण्याचे. कोणी पेशीविभाजन आवरते, कोणी डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करते, कोणी पेशींना एकमेकींशी घट्ट जोडून ठेवते. ही बिघडली की पेशी उधळतात. पूर्वी असे वाटे, की बिघाड म्हणजे लेखातच खाडाखोड. पण १९८३ साली फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांना आढळले, की कर्करोगाच्या पेशींत मोहोरांचीच व्यवस्था विस्कटलेली असते. जिथे त्या असायच्या तिथे त्या नाहीशा झालेल्या असतात. पुढल्या दहा-बारा वर्षांत उलट प्रकारही ध्यानात आला. जिथे मोहोर कधी बसता कामा नये, अशा लगामी जनुकांच्या ऐन दारावर ती बसलेली आढळू लागली. लेख शाबूत, अक्षर न् अक्षर शुद्ध, पण कोणी तो वाचू शकत नाही. रखवालदार जिवंत आहे, पण मुका आहे.

हे मौन जठराच्या कर्करोगात फार ठळकपणे दिसते. २०१४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या संशोधन-प्रकल्पाने जठराच्या २९५ गाठींची बारकाईने छाननी करून त्यांचे चार प्रकार पाडले. त्यांपैकी एका प्रकारात, म्हणजे शेकडा बावीस गाठींत, लेखातल्या चुकांचा सुळसुळाट होता. आणि त्याचे सामान्य कारण असे, की चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच-१ या जनुकावरच मोहोर बसली होती. शेकडा नऊ गाठींत एपस्टाइन-बार नावाचा विषाणू होता, आणि तिथे तर मोहोरांचा जणू पाऊस पडला होता. विभाजनाला आवर घालणारे पी-१६ हे जनुक त्यात गप्प झालेले होते. उरलेल्या दोन प्रकारांपैकी एकात गुणसूत्रांचीच मोडतोड झालेली होती, आणि दुसऱ्यात ती फारशी नव्हती.

मग या नको त्या जागी मोहोरा उमटवतो कोण? या प्रश्नाचे उत्तर मिळायला ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात जावे लागते.

तिथल्या रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला १९७९ साली जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत वाकड्या आकाराचे जीवाणू दिसले. जठरातले आम्ल इतके प्रखर, की तिथे जीवाणू तगेलच कसा, असे तेव्हा सगळे मानीत. वॉरनच्या जोडीला बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर आला. दोघे ते जीवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याची खटपट करीत होते, पण दोन दिवस वाट पाहून बश्या फेकून दिल्या जात. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली, बश्या तशाच पाच दिवस राहिल्या, आणि जीवाणू वाढलेले आढळले! त्यांना सवड हवी होती, एवढेच. तरीही कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा १९८४ साली मार्शल ते जीवाणू स्वतःच प्याला आणि आपल्या जठराला सूज आणून दाखवली. या जीवाणूला आता हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. १९९४ साली तो कर्करोगजनक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केले, आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जीवाणू बहुधा बालपणीच घरच्या माणसांकडून येतो आणि उपचार न केल्यास वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. एका ताटात जेवणे, एका भांड्याने पाणी पिणे, अस्वच्छ पाणी, दाटीवाटीचे बिऱ्हाड, ही त्याच्या प्रवासाची साधने मानली जातात. तेव्हा एकाच घरात दोघातिघांना एकच रोग झाला, तर तो रक्तातून आला की पंगतीतून आला, हे नुसते कुळ पाहून सांगता येत नाही. आमच्या आजोळी हा विचार कोणाच्या मनातही आला नव्हता.

पण जीवाणू आणि मोहोर यांची गाठ कोणी घातली? ते काम प्रामुख्याने जपानात झाले. तोशिकाझु उशिजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी कर्करोगाची गाठ तपासली नाही, तर निरोगी माणसांचे वरवर चांगले दिसणारे जठराचे अस्तर तपासले. जीवाणू असलेल्यांच्या अस्तरात मिथिलच्या मोहोरा जीवाणू नसलेल्यांपेक्षा कमीत कमी पाचपट, आणि काही जनुकांच्या बाबतीत तीनशे पटींपर्यंत अधिक आढळल्या. आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या जठरात आता जीवाणू उरला नव्हता, अशांमध्येही कर्करोग झालेल्यांच्या अस्तरावर मोहोरा जास्त होत्या. म्हणजे चोर घर सोडून गेला, तरी त्याच्या पावलांचे ठसे राहिले. इतिहासाच्या माणसाला यापेक्षा ओळखीचे दुसरे काय असणार?

हे ठसे थेट जीवाणूचे, की त्याने चेतवलेल्या दाहाचे? २०१० साली त्याच मंडळींनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावर प्रयोग केला. जीवाणू तसाच राहू दिला, पण औषधाने दाह शमवला. मोहोरा बसेनाशा झाल्या. तात्पर्य, लेखणी चालवतो तो दाह. रोज थोडा थोडा, वर्षानुवर्षे, कोणाच्या लक्षातही न येता.

मग वारशाला काही अर्थच नाही का? तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. न्यूझीलंडमध्ये एका मोठ्या माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या माणसे जठराच्या कर्करोगाने मरत होती. काही तर विशीच्याही आत. घरात शापाची कुजबुज होती. अखेर १९९० नंतरच्या दशकात त्या कुटुंबानेच पुढाकार घेतला आणि ओटागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन शोध आरंभला. १९९८ साली पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी कारण प्रसिद्ध केले : पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या ई-कॅड्हेरिनच्या जनुकात जन्मजात चूक होती. ही खरोखर लेखातलीच चूक, आणि ती मुलांकडे जात होती.

परंतु इथेही एक बारकावा आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत चुकीची निघाली तरी दुसरी काम सांभाळते. या रोग्यांतली दुसरी, चांगली प्रत बंद पाडली कोणी? २००० साली उलगडा झाला, की अशा घराण्यांतल्या काही गाठींत चांगल्या प्रतीवर तीच मिथिलची मोहोर बसली होती. अर्धे जन्माबरोबर आलेले, अर्धे मागाहून घडलेले. त्या माओरी कुटुंबाला शापाऐवजी एक तपासणी मिळाली. ज्यांच्यात चूक नाही त्यांच्या मनावरचे ओझे उतरले, आणि ज्यांच्यात होती त्यांपैकी अनेकांनी रोग होण्याआधीच जठर काढून टाकण्याचा कठोर निर्णय घेतला आणि जीव वाचवले. मात्र हे ध्यानात ठेवा, की असे जन्मजात कर्करोग एकंदरीत फार थोडे, शेकडा एक ते तीनच असतात.

बाकीच्यांचे काय? जे मागाहून लिहिले गेले ते पुसता येते का? थोडे येते, सगळे नाही. जीवाणू काढून टाकला की मोहोरांचा एक भाग ओसरतो, पण मुळाशी असलेल्या पेशींवर बसलेल्या काही मोहोरा टिकून राहतात. म्हणून उपचार जितका लवकर तितका बरा. मोहोर उतरवणारी औषधेही आहेत. त्यांतले अ‍ॅझासायटिडीन हे प्रागमध्ये १९६४ साली तयार झाले, आणि २००४ साली अमेरिकेत रक्ताच्या एका रोगासाठी त्याला मान्यता मिळाली. याच जातीच्या औषधाने २०१३ साली जर्बिलांमधला जठराचा कर्करोग निम्म्याहून कमी झाला. परंतु जर्बिल म्हणजे माणूस नव्हे. ही औषधे सगळ्याच मोहोरांना हात घालतात, नको त्याही उतरवतात. तेव्हा अमुक काढ्याने, तमुक आसनाने तुमची जनुके जागी करून देतो असे कोणी सांगू लागला, तर त्याच्या दारातूनच मागे फिरावे.

खरा दिलासा मला कोरियातून मिळाला. तिथल्या डॉक्टरांनी नेमके आमच्यासारखेच लोक निवडले : ज्यांचे आईबाप किंवा भावंड जठराच्या कर्करोगाने आजारी झाले, आणि ज्यांच्या जठरात हा जीवाणू आहे असे. एकूण १,६७६ माणसे. निम्म्यांना जीवाणूनाशक औषधे दिली, निम्म्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. सुमारे नऊ वर्षे पाठपुरावा केला. दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांपैकी २३ जणांना कर्करोग झाला, औषध घेणाऱ्यांपैकी १० जणांना. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. त्या २३ आणि १० यांच्यामधली तेरा माणसे मी बराच वेळ पाहत बसलो. ‘घराण्यातच आहे’ म्हणून हात जोडून बसली असती, तशीच ही तेरा माणसे होती.

आपल्या देशात हा जीवाणू पुष्कळांच्या पोटात आहे, पण जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आढळतो. मिझोरामसारख्या राज्यात मात्र तो फार आहे. जीवाणू असलेल्या शंभरांतल्या एकदोघांनाच, फार तर तिघांना, हा रोग होतो. जीवाणूची जात, खारवलेले व धुराने टिकवलेले अन्न, तंबाखू, असे अनेक हात या लेखणीला लागतात. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि दुकानातून परस्पर गोळ्या आणून खाण्याचे तर मुळीच नाही. ज्याच्या आईबापांना किंवा भावंडांना हा रोग झाला आहे त्याने डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे आणि जीवाणूची तपासणी करून घ्यावी. ती श्वासावरून किंवा शौचावरूनही होते. खाणे उतरले, वजन घटले, काळी शौचास झाली, तर लाजू नये, दिवस ढकलू नयेत.

मामेभावाला मी हे सारे सांगितले. तो तपासणीला गेला. जीवाणू निघाला. दोन आठवडे औषध घेतले, आणि नंतरच्या तपासणीत तो गेल्याचे दिसले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठरावीक मुदतीने तो दुर्बिणीची तपासणी करून घेतो. मोठेपणा असा काही घडला नाही. पण परवा मामींनी पंगतीत त्याला आग्रहाने वाढले आणि तो चारी ठाव जेवला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

सटवाई कपाळी जे लिहिते ते कोणाला वाचता येत नाही, आणि पुसताही येत नाही, असे म्हणतात. पोटातला हा लेख तसा नाही. त्यातला बराचसा आपल्या हयातीतच, थोडा थोडा करून लिहिला जातो. त्याची लेखणी कोणाच्या हातात आहे ते आता कळले आहे, आणि ती वेळेवर काढूनही घेता येते. मामेभावाच्या त्या दिवाळीतल्या प्रश्नाचे उत्तर मला एवढेच देता आले, आणि ते पुरेसे ठरले.